लॉच्या निबंध स्पर्धेत उतरायचंय? टॉपिक हातात पडल्यापासून सबमिट करेपर्यंत काय काय करायचं

लॉ कॉलेजच्या ग्रुपवर निबंध स्पर्धांची पोस्टरं सतत येत असतात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं विचारतात की उतरायचं तर आहे पण सुरुवात कुठून करू. मूटला (लुटुपुटूच्या कोर्टात युक्तिवाद करायच्या स्पर्धेला) टीम असते, सिनियर असतात, कॉलेज थोडाफार खर्चही करतं, निबंधाला मात्र तुम्ही एकटे आणि शिकवणारं सहसा कोणी नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी असे निबंध लिहिलेत आणि नंतर तपासलेतही, आणि तपासताना सगळ्यात जास्त जाणवतं ते हे की आठ-दहा पानं वाचून झाली तरी लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं काय आहे तेच कळत नाही. कायदा काय आहे हे असतं, इतिहास असतो, पाच-सहा केसेसची नावं असतात आणि शेवटी "काळाची गरज आहे". तपासणारा बहुतेक वेळा प्राध्यापक किंवा वकील असतो, त्याला कायदा माहीतच असतो हो, त्याला तुमचा दावा बघायचा असतो आणि तो तुम्ही सिद्ध कसा करता ते बघायचं असतं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी स्पर्धा नीट बघून घ्या

पोस्टर आलं की लगेच फी भरू नका. नियमांची पीडीएफ उघडा आणि शांतपणे वाचा. वर्ड लिमिट किती, त्यात फुटनोट धरतात का, को-ऑथर चालतो का, सायटेशनची (संदर्भ देण्याची) पद्धत कुठली, प्लेजरिझम किती टक्क्यांपर्यंत चालेल, भाषा फक्त इंग्रजी की मराठी-हिंदीही चालते. परीक्षक कोण आहेत ते दिलंय का हेही बघा. आयोजक एखादं लॉ कॉलेज, विद्यापीठ, वकील संघ किंवा विधी सेवा प्राधिकरण असेल तर बहुतेक वेळा निबंध खरंच वाचला जातो. याउलट फी घेऊन प्रत्येकाला ई-सर्टिफिकेट आणि "आयएसबीएन पुस्तकात प्रकाशन" असं वचन जिथे असतं, तिथे तुमचा निबंध कोणी वाचेल याची खात्री नाही आणि सीव्हीवर ते टाकलं तरी इंटरव्ह्यू घेणाऱ्याला त्याची किंमत बरोबर कळते. वर्षाला अशा दहा स्पर्धांपेक्षा दोन चांगल्या करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

टॉपिक छोटा करायचा, आणि हाच सगळ्यात अवघड भाग

स्पर्धेचा टॉपिक मुद्दामच मोठा दिलेला असतो. उदाहरणार्थ, "अनुच्छेद 21 आणि निवाऱ्याचा हक्क" (अनुच्छेद 21 म्हणजे संविधानातला जगण्याचा हक्क). यावर आख्खं पुस्तक होईल आणि तुमच्याकडे आहेत अडीच हजार शब्द, म्हणजे तुम्हाला यातला एक असा प्रश्न उचलावा लागेल ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं आणि ज्यावर दोन शहाण्या माणसांचं दुमत होऊ शकतं. हे कसं करायचं ते एका खऱ्या उदाहरणावर दाखवते, कारण नुसतं "टॉपिक नॅरो करा" म्हणून कोणालाच काही कळत नाही.

या टॉपिकवर शंभरातले नव्वद जण ओल्गा टेलिसची केस टाकणारच. 13 जुलै 1981 ला तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायची घोषणा केली, त्यावरून याचिका झाल्या, आणि 10 जुलै 1985 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. प्रत्येक निबंधात लिहिलेलं असतं की न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बरोबर आहे, पण पुढे काय झालं? झोपड्या वाचल्या का? नाही. मुंबई महापालिका अधिनियम 1888 चं कलम 314, ज्यात आयुक्ताला रस्त्यावरचं अतिक्रमण विनानोटीस काढायचा अधिकार आहे, ते न्यायालयाने रद्द केलंच नाही. फक्त असं सांगितलं की विनानोटीस कारवाईचा अधिकार क्वचित, अगदी थांबताच येणार नाही अशा तातडीच्या वेळीच वापरायचा, एरवी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. आणि पावसाळा संपल्यावर महिनाभर, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत झोपड्या काढू नका असं म्हटलं. म्हणजे हक्क मिळाला, घर गेलं. हा निकाल मुळापासून वाचलेला विद्यार्थी आणि हेडनोट (निकालाच्या सुरुवातीला छापलेला सारांश) वाचलेला विद्यार्थी यांच्यातला फरक इथेच कळतो.

आता याला 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल जोडा, बुलडोझर कारवाईबद्दलचा, 2024 आयएनएससी 866 या क्रमांकाचा, न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांचा. त्यात पाडकामाआधी कारणे दाखवा नोटीस, किमान 15 दिवसांची मुदत, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची, बांधकामावर चिकटवायची, असं सगळं बारकाईने घालून दिलंय. पण त्याच निकालात अपवाद आहे, रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत, आणि कोर्टाच्याच आदेशाने पाडकाम असेल तर तिथेही नाहीत.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप समोर येतो. 1985 मध्ये फुटपाथवरच्या माणसालाच एरवी नोटीस द्यावी असं पाच न्यायमूर्ती म्हणाले, आणि 2024 च्या दोन न्यायमूर्तींच्या सविस्तर निर्देशांतून नेमका तोच माणूस बाहेर राहिला, मग आज फुटपाथवासीयाला नोटिशीचा हक्क आहे की नाही? घ्या, हा झाला तुमचा निबंध. दावा असा मांडता येईल की 2024 चा अपवाद फक्त त्या निर्देशांपुरता आहे, घटनापीठाने सांगितलेलं ऐकून घेण्याचं तत्त्व त्याने कमी होत नाही आणि दोन न्यायमूर्तींच्या पीठाला ते कमी करताही येत नाही. कोणाला उलटं वाटू शकतं, तेही चालेल, फक्त एक बाजू घ्या. "दोन्ही बाजूंत समतोल हवा" ही बाजू नव्हे.

दावा एका वाक्यात लिहून लॅपटॉपवर चिकटवून ठेवा. जो परिच्छेद त्या वाक्याला मदत करत नाही तो कितीही आवडता असला तरी काढायचा. महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम 1971, त्यातली 1 जानेवारी 2000 ची संरक्षणाची तारीख, पुनर्वसन योजना हे सगळं फार मोह पाडतं आणि महत्त्वाचंही आहे, पण वरच्या दाव्याला त्याची गरज नाही, एक फुटनोट पुरे.

वाचायचं कुठे आणि कसं

पेड डेटाबेस नसला तरी अडत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्राचं लॉगिन असतं, ते ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच कॉलेजांत लॉगिन असूनही पोरांना माहीत नसतं. नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर (त्यांच्या निकालांचा ऑनलाइन संग्रह) 2023 पासून फुकट आहे, इंडियन कानूनवर निकाल मिळतात, कायद्याचा मजकूर इंडिया कोडवर, लॉ कमिशनचे अहवाल त्यांच्या साइटवर आणि विधेयकांचे सारांश, संसदीय समित्यांचे अहवाल पीआरएस या संस्थेच्या साइटवर. संविधान सभेच्या चर्चाही ऑनलाइन आहेत, पण त्यातलं वाक्य नुसतं शोभेला टाकू नका, कोणत्या मसुदा-अनुच्छेदावर ती चर्चा चालली होती ते बघून मगच वापरा.

ब्लॉग आणि बातम्या वाचा, पण त्या फक्त दिशा कळायला. निबंधात सायटेशन देताना मूळ निकालावर जा. मोठा निकाल उघडला की पोरं घाबरतात, त्यांच्यासाठी पद्धत सांगते. आधी तथ्यं वाचा, मग उडी मारून शेवटचा आदेश वाचा, म्हणजे कोण जिंकलं आणि नक्की काय मिळालं ते कळतं, मग परत येऊन मधलं वाचा आणि प्रत्येक परिच्छेदाला मार्जिनमध्ये एक शब्द लिहा, वकिलाचा युक्तिवाद, न्यायालयाचं मत, जुन्या केसचा उतारा, असं. कारण वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचं मत म्हणून छापलेले निबंध मी पाहिलेत आणि एकदा ते दिसलं की पुढच्या सगळ्यावरचा विश्वास उडतो. अल्पमताचा निकाल असेल तर तोही वाचायचाच. 1976 च्या, आणीबाणीतल्या एडीएम जबलपूर प्रकरणात न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात होते, आणि 2017 च्या, खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी निकालात ते बहुमत रद्द ठरवलं गेलं.

मग पुढचा शोध, की हा निकाल नंतर कोणी वापरला. आपल्या उदाहरणात 1996 ची अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध नवाब खान गुलाब खान ही केस सापडेल, तीही फुटपाथवरच्या झोपड्यांचीच. तिथे न्यायालयाने नुकतंच केलेलं अतिक्रमण आणि वर्षानुवर्षं वसलेली वस्ती यांत फरक केला, पहिल्याला लगेच हटवलं तर ऐकून घ्यायची गरज नाही, दुसऱ्याला मात्र वाजवी मुदतीची नोटीस हवी. ही केस तुमच्या दाव्याला अर्धी मदत करते, अर्धी अडचणीत आणते, आणि म्हणूनच ती सोन्यासारखी आहे. आणि आपल्या शहराचा कायदाही बघायला विसरू नका, मुंबईबाहेर पुणे, नाशिकसारख्या महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो आणि त्याच्या कलम 231 मध्येही विनानोटीस काढायचा अधिकार आहे. हे लिहिलंत की परीक्षकाला कळतं की हा मुलगा स्वतः कायदा उघडून बसला होता.

फौजदारी विषय असेल तर एक सावधगिरी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत, तरी अजून निबंधात जुन्या भारतीय दंड संहितेतली 302 आणि 420 सर्रास येतात. जुन्या केसबद्दल बोलताना जुनं कलम द्या पण आजचा कलम क्रमांक सोबत हवा, खुनाला 103, फसवणुकीला 318.

लिहायला बसल्यावर

पहिला परिच्छेद शेवटी लिहिला तरी चालेल पण तो असा नको: "भारत हा जगातील सर्वात मोठा लोकशाही देश असून संविधानाने प्रत्येक नागरिकाला सन्मानाने जगण्याचा हक्क दिला आहे. अन्न, वस्त्र, निवारा या मूलभूत गरजा आहेत." यात चुकीचं काहीच नाही, पण हे कुठल्याही टॉपिकला चालतं, म्हणून ते कशाचंच नाही. त्याऐवजी असं बघा: "नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी 15 दिवसांची नोटीस सक्तीची केली, मात्र फुटपाथवरील बांधकामे त्यातून वगळली. 1985 मध्ये ज्यांच्याबाबत ऐकून घेण्याचे तत्त्व मांडले गेले, त्यांत फुटपाथवासीही होते. हा अपवाद त्या तत्त्वाला छेद देत नाही, असे या निबंधाचे म्हणणे आहे." तीन वाक्यांत प्रश्न, ताण आणि दावा तिन्ही आले, परीक्षक पुढे वाचणार.

मध्ये कायदा आज काय आहे ते थोडक्यात, मग तुमचा युक्तिवाद, आणि मग विरुद्ध बाजू. विरुद्ध बाजू जितकी ताकदीची मांडाल तितके मार्क वाढतात, आणि इथेच पोरं कंजूषपणा करतात. फुटपाथच्या उदाहरणात विरुद्ध बाजू खरंच भक्कम आहे: फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, म्हाताऱ्या माणसाला आणि शाळेच्या पोरांना रस्त्यावरून चालावं लागतं, आणि खुद्द ओल्गा टेलिसमध्येच न्यायालयाने म्हटलंय की सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करायचा हक्क कोणालाच नाही. हे सगळं प्रामाणिकपणे लिहा आणि मग उत्तर द्या की आपण जागेचा हक्क मागतच नाही, हटवण्याआधी ऐकून घ्या एवढंच मागतोय, म्हणजे चालणाऱ्याचा फुटपाथ त्याला मिळणारच, फक्त काही दिवसांनी. शेवटी उपाय सुचवायचा तर नेमका सुचवा. "कडक अंमलबजावणी व्हावी", "जनजागृती व्हावी" ही वाक्यं काढून टाका आणि कुठल्या कलमात काय घालायचं ते लिहा, जसं की कलम 314 आणि कलम 231 मध्ये असं परंतुक (कलमाला जोडलेली अट) जोडावं की ठरावीक काळापेक्षा जुन्या वस्तीला ठरावीक दिवसांची लेखी नोटीस द्यावी आणि तातडी असेल तर तिची कारणं आयुक्ताने लेखी नोंदवावीत. आकडा तुम्ही ठरवा, तोच का हे दोन ओळींत सांगा.

कोणी म्हणेल की विद्यार्थ्याने सर्वोच्च न्यायालयाच्या विरोधात लिहायचं का? लिहायचं, आदराने आणि आधार देऊन. मथुरा प्रकरण आठवा, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदा-शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात काही पानभर शिव्याशाप नव्हते, मुख्य मुद्दा नेमका होता, की निमूटपणे सहन करणं आणि संमती देणं यांत कायद्यानेही फरक आहे आणि न्यायालयाने तो केला नाही. त्यावरून देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, हे पुरावा कायद्यात कलम 114-अ म्हणून आलं. ते पत्र शोधून वाचा. एक मुद्दा धरून युक्तिवाद कसा चालवायचा ते त्यातून जितकं शिकता येतं तितकं कुठल्या गाइडमधून येणार नाही.

भाषेचं टेन्शन

मराठी मीडियममधून आलेल्या मुलामुलींशी खास बोलायचंय. इंग्रजी स्पर्धेत तुमची इंग्रजी साधी असेल तर अजिबात बिघडत नाही, छोटी वाक्यं लिहा, कर्ता-क्रियापद जवळ ठेवा, लॅटिन शब्दांची आतषबाजी नको. युक्तिवाद आधी मराठीतच कोणाला तरी तोंडी सांगून बघा, रूममेटला, बहिणीला, कायदा न शिकलेल्या माणसाला, जिथे तो अडतो तिथे तुमच्या विचारात भोक आहे, इंग्रजीत नाही. ते बुजवा आणि मग लिहायला घ्या. स्पर्धा मराठीत असेल तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश हाताशी ठेवा, आणि एकदा वापरलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवा, एका पानावर अधिनियम आणि दुसऱ्यावर कायदा असं झालं की वाचणारा गोंधळतो.

फुटनोट, प्लेजरिझम आणि एआय

फुटनोट लिहिता लिहिताच टाका, शेवटी टाकू म्हटलं की अर्ध्या सापडत नाहीत. ब्लूबुक आणि ऑस्कोला या सायटेशनच्या पद्धती आहेत, ब्लूबुक सांगितलं असेल तर ब्लूबुक, ऑस्कोला सांगितलं असेल तर ऑस्कोला, काहीच सांगितलं नसेल तर कुठलीही एक धरा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन, (1985) 3 एससीसी 545, एवढं लिहून थांबू नका, ज्या मुद्द्यासाठी केस देताय त्याचा परिच्छेद क्रमांकही द्या, तो दिला की आपोआप तुम्हाला निकाल उघडावा लागतो.

एआयबद्दल स्पष्टच सांगते. स्पर्धेच्या नियमात मनाई असेल तर विषय संपला. मनाई नसली तरी केसेस शोधायला त्याच्या भरवशावर राहू नका, ते अस्तित्वात नसलेल्या केसेस खऱ्यासारख्या सायटेशनसकट बनवून देतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हिआंका प्रकरणात वकिलांनी अशाच बनावट केसेस कोर्टात दिल्या आणि त्यांना 5,000 डॉलर दंड झाला, ते तर प्रॅक्टिस करणारे वकील होते. जी केस तुम्ही स्वतः उघडून वाचली नाही ती निबंधात नको. प्लेजरिझमचंही तसंच, ब्लॉगमधलं वाक्य घेऊन चार शब्द बदलले तर सॉफ्टवेअरला कदाचित कळणार नाही पण वाचणाऱ्याला कळतं, कारण मध्येच तुमचा आवाज बदलतो. दुसऱ्याचा मुद्दा घेतलात तर नाव द्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटचे दोन दिवस

ड्राफ्ट डेडलाइनच्या दोन दिवस आधी संपवा आणि एक रात्र त्याच्याकडे बघू नका. मग प्रिंट काढून मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. वर्ड लिमिट ओलांडली असेल तर आधी इतिहासाचा परिच्छेद कापा, तो बहुतेक वेळा फुगलेला असतो. ॲबस्ट्रॅक्ट (निबंधाचा छोटा सारांश) मागितला असेल तर त्यात निष्कर्ष सरळ सांगून टाका, सस्पेन्स ठेवायची ती जागा नव्हे.

नाव न दाखवता तपासणी असेल तर फाइलमध्ये तुमचं किंवा कॉलेजचं नाव कुठेच नको, आणि हे पोरं नेहमी विसरतात, वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून तुमचं नाव आपोआप बसलेलं असतं, ते काढा. फाइलचं नाव नियमात सांगितलंय तसंच द्या. मराठी निबंध असेल तर युनिकोडमध्ये टाइप करा, सोबत पीडीएफ चालते का विचारा, नाहीतर समोरच्याच्या मशीनवर जोडाक्षरं तुटतात. गूगल फॉर्म शेवटच्या तासात भरू नका. आणि कॉपीराइटचा नियम बघून ठेवा, काही ठिकाणी सबमिट केलं की हक्क आयोजकांकडे जातात, तसं नसेल तर निकाल काहीही लागो, परीक्षकांच्या शेऱ्यांसाठी एक नम्र ईमेल टाका, निबंध सुधारा आणि कॉलेजच्या जर्नलला पाठवा.